पहिल्या रायफलीवरची दुर्बीण : प्रस्तावना

पहिली रायफल घरी आली की आठवडाभरात तिच्यावर काय बसवायचे याची चर्चा सुरू होते. रायफल घेताना माणूस चार जणांना विचारतो, दुकानात ती खांद्याला लावून पाहतो, वजन जोखतो. दुर्बीण मात्र तो मोठेपणाच्या आकड्यावरून घेतो. खोक्यावर ४ लिहिलेली साधी, ९ लिहिलेली बरी, १६ लिहिलेली झकास; आणि तिन्हींच्या किमतींत फारसा फरक नसेल, तर चारवाली घेणारा वेडाच ठरतो. ही पुस्तिका त्या वेड्याच्या बाजूने लिहिलेली आहे.

स्वस्त दुर्बीण टाकाऊच असते, असे इथे म्हणायचे नाही. थोड्या पैशांत कामाची वस्तू मिळते. सगळे गुण एकदम मिळत नाहीत, एवढेच. ठरलेल्या किमतीत कारखानदाराला भिंगे, नळी, स्प्रिंगा, स्क्रू आणि फिरत्या कड्या बसवायच्या असतात. त्याच किमतीत त्याने मोठेपणा वाढवला, वर लाल-हिरवा दिवा दिला, की तो पैसा दुसरीकडून काढावा लागतो, आणि तो निघतो गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागेतून. दुर्बिणीच्या पोटात आणखी एक बारीक नळी असते. तिला एका बाजूने स्प्रिंग रेटते आणि समोरून दोन स्क्रू अडवतात. बाहेरच्या बटणांनी आपण फिरवतो ते हेच स्क्रू. ती स्प्रिंग पोचट असेल, स्क्रूच्या आट्यांत ढिलाई असेल, तर नेम धरायची फुली आज इथे आणि उद्या तिथे. म्हणून कमी पैशांत मागायचा गुण एकच : फुली जिथे लावली तिथेच राहिली पाहिजे. मोठे दिसणे, उजळ दिसणे, बटणांचा ऐटदार कट्‌कट् आवाज, हे सगळे त्यानंतर.

गावच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक ज्याने चालवली आहे त्याला यातला अर्धा धडा आधीच मिळालेला असतो. त्या बंदुकीची साइट बहुधा वाकडी असते. पहिला छर्रा फुग्याच्या डावीकडे कापडावर आपटला हे ज्याने टिपले, तो पुढच्या बाराला तेवढेच उजवीकडे धरतो आणि फुगा फोडतो. साइट चुकीची, पण चूक ठरलेली, त्यामुळे तिच्याशी जमवून घेता येते. तीच साइट दर बाराला थोडी थोडी हलत असती, तर कसलेल्या नेमबाजालाही अंदाज बांधता आला नसता. स्वच्छ भिंगाची ढिली दुर्बीण आणि धुरकट भिंगाची घट्ट दुर्बीण यांतून निवडायची वेळ आली, तर दुसरी घ्यावी ती याच हिशेबाने.

आता मुळात ही रायफल कोणती, ते पाहू. आपल्याकडे पहिली रायफल म्हणजे बहुतेक वेळा .१७७ची, म्हणजे ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा फेकणारी एअर रायफल. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे .१७७पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. त्यापुढच्या ताकदीला किंवा मोठ्या व्यासाला लागतो. त्याआधीची कसोटी अधिक घरगुती होती : बारा इंच चौरस, एक इंच जाडीची मऊ लाकडाची फळी समोर ठेवायची आणि छर्रा तिच्यातून आरपार जाऊ नये. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये सुरू केलेली इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी सिमेंटच्या नळांसाठी ओळखली जाते, पण तिने एअर रायफलीही बनवल्या. जुन्या घरातल्या माळ्यावरून अशी एखादी रायफल खाली आली असेल, तर दुर्बीण विकत घेण्याआधी तिच्या पाठीवर दुर्बीण बसवण्याची खाच आहे की नाही, हे आधी पाहावे. .२२ची काडतुसाची रायफल किंवा सरकारी आयुध निर्माणीची .३१५ ही परवान्याची गोष्ट. तिच्यासाठी या पुस्तिकेत वेगळे, छोटे प्रकरण आहे.

हा तपशील सुरुवातीलाच का, याचे कारण सल्ल्यांच्या बाजारात आहे. स्वस्त दुर्बिणीबद्दलचे इंग्रजीतले बरेचसे लिखाण अमेरिकन माणसाने अमेरिकन माणसासाठी केलेले असते. त्याची पहिली रायफल काडतुसाची, त्याचे अंतर १०० यार्डांपासून पुढचे, त्याचे हरीण दाट झाडीत उभे. त्याला दिलेला सल्ला त्याच्यापुरता बरोबर असतो. आपली रायफल हवेवर चालते आणि आपले अंतर १० ते ३० मीटर. आपल्याला जवळचा अनुभव इंग्लंडचा आहे. तिथे परवान्याशिवायच्या एअर रायफलीला १२ फूट-पाउंडांची, म्हणजे साधारण १६ ज्यूलची मर्यादा आहे, आणि तिथेच फील्ड टार्गेट हा दुर्बीण लावून खेळायचा एअर रायफलीचा खेळ वाढला. जवळच्या अंतरावर स्पष्ट दिसणाऱ्या दुर्बिणींची मागणी अशा खेळातून येते. तेव्हा कुणाचाही सल्ला वाचताना तो कोणत्या रायफलीबद्दल आणि किती अंतराबद्दल बोलतो आहे, एवढे आधी विचारावे.

दुसरा प्रश्न स्पर्धेचा, आणि तो घरातल्या मोठ्यांसाठी आहे. मुलीला किंवा मुलाला नेमबाजीच्या स्पर्धेत उतरवायचे असेल, तर दुर्बीण घेऊच नका. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतच्या रायफलीवरही नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला मनाईच आहे. तिथे चालते ती पीप साइट. आपल्या राज्य पातळीच्या स्पर्धांत नवशिक्यांसाठी ओपन साइटचा वेगळा गट असतो. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धाही अशा चढत्या पायऱ्यांपैकीच एक. या वाटेने जाणाऱ्याने दुर्बिणीचे पैसे बाजूला ठेवावेत आणि चांगल्या पीप साइटसाठी जमवावेत.

पीप साइटमध्ये जादू नाही, प्रकाशाचे साधे शास्त्र आहे. डोळ्यासमोरचे भोक जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचे असते. इतक्या बारीक भोकातून पाहिले की नळीच्या टोकावरची पुढची कडी आणि १० मीटरवरचा काळा गोल दोन्ही एकाच वेळी पुरेसे स्पष्ट दिसतात. उघड्या डोळ्याला एकाच वेळी दोन अंतरांवर स्पष्ट पाहता येत नाही. भोक, कडी, काळा गोल, सगळे वर्तुळात वर्तुळ बसवायचे, आणि वर्तुळाचा मध्य ओळखण्यात माणसाचा डोळा उपजतच हुशार असतो. १० मीटरच्या एअर रायफल टार्गेटचा तो काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आणि त्यातला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. त्या ठिपक्यावर साठच्या साठ छर्रे धाडणारे लोक दुर्बिणीशिवाय धाडतात, हे दुर्बिणीच्या दुकानात शिरताना लक्षात असलेले बरे. जुनी, वापरलेली पीप साइट घेताना बटण चार खटके एका बाजूला आणि चार खटके परत फिरवून पाहावे. साइट पहिल्या जागी तंतोतंत आली नाही, तर ती कितीही स्वस्त असली तरी महागच.

स्पर्धेत उतरायचे नाही, फार्महाउसच्या मागे मातीच्या बांधासमोर कागदावर आणि पत्र्याच्या डब्यांवर सराव करायचा आहे, अशांसाठी पुढचा भाग. इथे सगळ्यात मोठा शत्रू आहे खुद्द रायफल. स्प्रिंगच्या रायफलीत नळी मोडताना आपण एक जाड स्प्रिंग दाबतो. ट्रिगर ओढला की ती पिस्टनला पुढे फेकते, पिस्टनसमोरची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. पिस्टन पुढे निघतो तेव्हा रायफल मागे येते. पिस्टन सिलिंडरच्या टोकाला थांबतो तेव्हा रायफल पुढे झेपावते. एका बारात दोन धक्के, दोन उलट दिशांचे. काडतुसाची रायफल खांद्याला जोरात बसते, पण तिचा मुख्य धक्का एकाच दिशेचा. तिच्यासाठी बांधलेल्या दुर्बिणीची भिंगे त्या बाजूने नीट टेकवलेली असतात. उलट्या झटक्याचा विचार तिच्यात असेलच असे नाही. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण चिमुकल्या दिसणाऱ्या एअर रायफलीवर खिळखिळी होते, यातले कोडे एवढेच आहे. म्हणून खोक्यावर ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य’ असे स्पष्ट लिहिलेले हवे, आणि दुकानदाराने ते तोंडी सांगितले असेल तर बिलावर लिहून घ्यावे. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीला धक्का जवळपास नसतो. तिच्यावर साधी दुर्बीणही टिकते, पण हवा भरायच्या पंपाचा किंवा सिलिंडरचा खर्च तिथे वाट पाहत असतो.

याच दुहेरी झटक्याने दुर्बीण रायफलीच्या पाठीवरून मागे सरकते. रायफल पुढे उसळते, दुर्बीण जडत्वाने जागीच राहू पाहते, आणि दर बाराला केसभर अंतर पडते. नवशिका फुली दुरुस्त करत बसतो. बिचाऱ्या फुलीचा काही दोष नसतो. उपाय दुर्बिणीत नाही, माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, आहे : खालच्या बाजूला खीळ असलेला, शक्यतो एकसंध माउंट, आणि त्या खिळीसाठी रायफलीवर भोक. एअर रायफलीची खाच साधारण ११ मिलिमीटरची असते. रुंद पट्टीसाठीचे माउंट तिच्यावर बसत नाहीत. दुर्बिणीचे बजेट ठरवताना माउंट त्यातच धरावा. दुर्बिणीत सगळे पैसे घालून खोक्यात फुकट आलेल्या पत्र्याच्या रिंगांवर ती बसवणे, ही या छंदातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

मग भिंगाचा प्रश्न. इथे पॅरलॅक्सकडे आधी पाहायचे. स्कूटरवर मागे बसलेल्याला वेगाचा काटा चालवणाऱ्यापेक्षा वेगळ्या आकड्यावर दिसतो, कारण काटा आणि आकडे एका पातळीत नसतात. दुर्बिणीतही लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एका पातळीत नसतील, तर डोळा जरा बाजूला गेला की फुली लक्ष्यावरून सरकते, रायफल मात्र हललेली नसते. काडतुसाच्या रायफलीच्या साध्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात, .२२साठीच्या ५० यार्डांच्या आसपास. १० मीटरवर त्या दोन्हीही चुकतात, आणि मोठेपणा जास्त असेल तर प्रतिमा धूसरही होते. म्हणून एअर रायफलीसाठी पुढच्या भिंगाची कडी किंवा बाजूचे बटण फिरवून १० मीटरपर्यंत जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी. तेवढे पैसे नसतील तर कमी मोठेपणाची घ्यावी आणि गाल दर बाराला दस्त्याच्या त्याच जागी टेकवायची शिस्त लावून घ्यावी. ती शिस्त फुकट आहे आणि महागड्या दुर्बिणीलाही चुकत नाही.

मोठेपणाचा हिशेब एका भागाकाराचा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. ४×३२ मध्ये, म्हणजे मोठेपणा ४ आणि भिंग ३२ मिलिमीटरचे असेल तेव्हा, ती ८ मिलिमीटर. ३-९×४० ही दुर्बीण ९ वर नेली की साडेचारच्या आत. १६ वर तेच ४० मिलिमीटरचे भिंग अडीच मिलिमीटर देते. भर दुपारी बाहुली बारीक झालेली असते, तेव्हा अडीचही पुरतात. संध्याकाळी आंब्याच्या सावलीत पुरत नाहीत, आणि डोळा नेमका मध्यावर नसला तर चित्राभोवती काळी कड येते. शिवाय मोठेपणा वाढतो तसा हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. ४×३२ मध्ये स्थिर वाटणारी फुली १६ वर थरथरते, नवशिका ती शांत होईपर्यंत श्वास रोखून बसतो आणि शेवटी ट्रिगर झटकन ओढतो. नेम तिथेच जातो. मोठ्या व्यासाच्या भिंगाला उंच माउंट लागतो, उंच माउंटमुळे गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि पॅरलॅक्सचा दोष पुन्हा मागल्या दाराने आत येतो. एका मोहापोटी इतक्या गोष्टी बिघडतात.

दुर्बीण बसली की झीरो करण्याची, म्हणजे फुली आणि छर्रा एका जागी आणण्याची पाळी. बटणावर ‘एक खटका म्हणजे १/४ इंच’ असे लिहिलेले असते आणि तिथे बारीक अक्षरांत १०० यार्डही लिहिलेले असतात. १० मीटरवर तोच खटका पाऊण मिलिमीटरहूनही थोडा कमी सरकवतो. छर्रा १५ मिलिमीटर खाली लागत असेल तर २१-२२ खटके हवेत. चार खटके देऊन ‘बटण चालत नाही’ म्हणत दुकानात परत आलेल्या गिऱ्हाइकाची दुर्बीण बरेचदा धडधाकट असते. उलट बाजूही आहे. नळी मोडायच्या अनेक रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे फुली सतत खाली आणून छर्रे वर आणावे लागतात. फुली तिच्या हद्दीच्या टोकाला पोचली की आतली ती स्प्रिंग सैल पडते आणि झीरो भटकू लागतो. लोक नवी दुर्बीण आणतात, तीही भटकते. अशा वेळी मागची बाजू किंचित उचलणारा माउंट लावून फुली तिच्या हद्दीच्या मध्याजवळ ठेवणे, हा खरा इलाज. त्याची सविस्तर कृती तिसऱ्या प्रकरणात आहे.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर जशी बुरशी येते तशी दुर्बिणीच्या भिंगावरही येते, आणि एकदा लेपात शिरली की पुसून जात नाही. नायट्रोजन भरून सील केलेली दुर्बीण आतून वाचते. बाहेरच्या भिंगांची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. कातडी किंवा फोमच्या पेटीत ओलसर ठेवू नये, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. ‘आजीवन हमी’ हा शब्द वाचला की हमी भारतात कोण पाळणार आणि वस्तू परत पाठवायचा खर्च कुणाचा, हेही विचारून घ्यावे. नामांकित दुर्बिणींच्या बनावट नकला ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. निम्म्या किमतीला मोठे नाव दिसले तर ते नाव खोक्यापुरतेच असण्याची शक्यता धरावी.

घेतलेली दुर्बीण पारखायची एक कसोटी सगळ्यांना करता येण्याजोगी आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एकाच ठिपक्यावर नेम धरून तीन छर्रे मारा. ४० खटके उजवीकडे फिरवा, त्याच ठिपक्यावर पुन्हा तीन. मग ४० वर, ४० डावीकडे, ४० खाली. शेवटचे तीन छर्रे पहिल्या तिनांवर पडले पाहिजेत आणि कागदावर चौकोन उमटला पाहिजे. चौकोन थोडा लहान-मोठा असेल तर चालेल, कारण ती चूक कायमची आहे. तो बंदच झाला नाही, तर दुर्बीण त्याच आठवड्यात परत करावी.

एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणे ठरत नाही, ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. छर्रा अडेल असा मातीचा बांध मागे असल्याशिवाय बार काढू नये, आणि दुर्बिणीचा उपयोग आसपास काय आहे ते न्याहाळायला करू नये, कारण दुर्बीण वळते तिकडे नळीही वळते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पारवे, साळुंक्या, खारी यांच्यावर नेम धरायला दुर्बीण हवी असेल, तर ही पुस्तिका तुमच्यासाठी नाही.

पुस्तिका कशी वाचावी, तेही सांगतो. पहिली दोन प्रकरणे रायफल ओळखण्याची आहेत. ती वगळून दुर्बिणींच्या तक्त्याकडे उडी मारू नका. आधी एका कागदावर तीन उत्तरे लिहा : रायफल स्प्रिंगची की भरलेल्या हवेची, अंतर किती, स्पर्धा खेळायची की नाही. स्पर्धा खेळायची असेल तर पीप साइटचे प्रकरण उघडा. स्प्रिंगची रायफल आणि २५ मीटरच्या आतला सराव असेल, तर स्प्रिंगला टिकणारी साधी ४×३२, शक्य तर जवळ जुळणारी, आणि खिळीचा एकसंध माउंट, एवढ्यावर थांबा. उरलेल्या पैशांचे चार वेगवेगळ्या जातींचे छर्रे आणा आणि तुमच्या नळीला कोणता मानवतो ते कागदावर पाहा. दुर्बीण बदलून जो फरक पडत नाही तो छर्रा बदलून पुष्कळदा पडतो. आणि दुर्बीण बसवताना काढलेली मूळ ओपन साइट, तिचे बारीक स्क्रू आणि पाती, डबीत घालून नाव लिहून ठेवा. स्वस्त दुर्बीण कधी ना कधी दगा देणारच. त्या दिवशी सराव बंद पडता कामा नये.